अपराजित संघाला बाद फेरीचा हक्क आहे का?

सुरतेतील सी. के. पिठावाला मैदानावर ९ नोव्हेंबर २०२५ रोजी रणजी करंडक स्पर्धेच्या प्लेट गटातील मेघालय व अरुणाचल प्रदेश यांच्यातील सामना सुरू होता. मेघालयच्या आकाश कुमार चौधरीने सलग आठ चेंडूंवर आठ षटकार मारले आणि अकरा चेंडूंत अर्धशतक पूर्ण केले. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील हे सर्वांत जलद अर्धशतक ठरले. लिस्टरशायरच्या वेन व्हाइटने २०१२ साली केलेला बारा चेंडूंचा विक्रम त्याने मोडला. एका षटकात सहा षटकार मारण्याचा पराक्रमही त्यात होता. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये तो गॅरी सोबर्स आणि रवी शास्त्री यांच्या नावावर नोंदला गेला आहे. मेघालयने ६ बाद ६२८ धावांवर डाव घोषित केला आणि अरुणाचलचा पहिला डाव ७३ धावांत आटोपला.

विक्रम खरा आहे आणि तो पुस्तकात राहील. मात्र तो ऐकताच क्रिकेटच्या जाणकार प्रेक्षकाच्या ओठावर एक प्रश्न येतो : समोर गोलंदाजी कोणाची होती? प्लेट गटात खेळणाऱ्या प्रत्येक संघाच्या प्रत्येक यशाला हा प्रश्न चिकटलेला असतो. एखादा संघ या गटात संपूर्ण हंगामभर अपराजित राहिला, तर करंडकाच्या मुख्य बाद फेरीत त्याला जागा मिळावी की नाही, हा वाद याच प्रश्नातून निघतो. गोव्याने हा वाद दोन्ही बाजूंनी अनुभवला आहे.

प्लेट गट म्हणजे काय?

रणजी करंडकात आज ३८ संघ खेळतात. त्यांतील ३२ संघ एलिट विभागात, प्रत्येकी आठ संघांच्या चार गटांत विभागलेले असतात. उरलेले सहा संघ प्लेट गटात खेळतात. एलिट विभागातील प्रत्येक गटातून पहिले दोन संघ उपांत्यपूर्व फेरीत जातात. प्लेट गटाची बाद फेरी स्वतंत्र असते. तिथे विजेता ठरतो, पण त्याला त्या हंगामात रणजी करंडक जिंकता येत नाही. त्याचे बक्षीस म्हणजे पुढील हंगामात एलिट विभागात बढती. पूर्वी दोन संघांना बढती मिळे. २०२५-२६ पासून ही संख्या एकवर आली.

साखळीतील गुणांची पद्धत दोन्हीकडे सारखीच आहे. निर्णायक विजयाला सहा गुण, तो डावाने किंवा दहा गड्यांनी मिळाल्यास एक बोनस गुण. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला तीन आणि पिछाडीवर पडलेल्याला एक गुण.

या हिशेबात ‘अपराजित’ या शब्दाचे वजन बऱ्याचदा वाटते त्यापेक्षा कमी भरते. सातही सामने अनिर्णित राखून प्रत्येकात आघाडी घेणाऱ्या संघाचे २१ गुण होतात. चार सामने जिंकून तीन हरणाऱ्या संघाचे २४ होतात. म्हणजे एकदाही न हरलेला संघ तीनदा हरलेल्या संघाच्या मागे पडू शकतो, आणि तसा तो पडावा अशीच नियमांची रचना आहे. पराभव टाळण्याऐवजी विजयासाठी धोका पत्करणाऱ्याला रणजी करंडक अधिक देतो.

सुरतेतील एक उपांत्यपूर्व सामना

अपराजित राहण्याला पूर्ण अर्थ कधी येतो, याचे उत्तम उदाहरणही सुरतेतच सापडते. २०१७-१८ च्या हंगामात प्लेट गट नव्हता. २८ संघ प्रत्येकी सातच्या चार गटांत विभागले होते आणि बलाढ्य व दुर्बळ संघ एकत्रच खेळत होते. ‘ड’ गटात विदर्भासोबत बंगाल, पंजाब, हिमाचल प्रदेश, छत्तीसगड, सेनादल आणि गोवा होते. विदर्भाने सहापैकी चार सामने जिंकले, दोन अनिर्णित राखले आणि साखळी अपराजित संपवली. केरळने ‘ब’ गटात पाच विजय मिळवले. त्यांचा एकमेव पराभव गुजरातकडून झाला होता.

हे दोन संघ डिसेंबर २०१७ मध्ये सुरतेच्या लालभाई काँट्रॅक्टर स्टेडियमवर समोरासमोर आले. केरळची ही पहिलीच उपांत्यपूर्व फेरी होती. विदर्भाने पहिल्या डावात २४६ धावा केल्या आणि केरळला १७६ धावांत रोखले. दुसऱ्या डावात ९ बाद ५०७ धावांवर डाव घोषित करून केरळला १६५ धावांत गुंडाळले. विजय ४१२ धावांचा. पुढे कोलकात्यात कर्नाटकाविरुद्ध अवघ्या पाच धावांनी आणि इंदूरला दिल्लीविरुद्ध नऊ गड्यांनी विजय मिळवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक उचलला. फैज फजल कर्णधार होता, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक होते आणि अंतिम सामन्यात रजनीश गुरबाणीने हॅट्‌ट्रिक घेतली. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाला या दिवसासाठी सहा दशके वाट पाहावी लागली होती.

विदर्भाच्या बाद फेरीतील जागेवर कोणी शंका घेतली नाही, कारण साखळीत त्याने बंगाल आणि पंजाबचा सामना केला होता. त्याचे अपराजित राहणे तपासलेले होते. प्लेट गटातील संघाला नेमकी ही तपासणी मिळत नाही.

गोव्याचा २०१९-२०चा हंगाम

२०१८-१९ मध्ये ईशान्येकडील राज्यांसह नऊ संघांना रणजीत प्रवेश मिळाला आणि प्लेट गट पुन्हा अस्तित्वात आला. त्या वेळच्या रचनेत प्लेट गटातील अव्वल संघाला थेट उपांत्यपूर्व फेरीत स्थान होते. २०१९-२० मध्ये गोवा या दहा संघांच्या गटात होता. गोव्याने नऊपैकी सात सामने जिंकले, दोन अनिर्णित राखले आणि एकही न गमावता गटात पहिला क्रमांक मिळवला. उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली गुजरातशी. सामना ठरला वलसाडला, सुरतेपासून रेल्वेने तास-दीड तासाच्या अंतरावर, म्हणजे गुजरातच्याच अंगणात. त्याच फेरीत जम्मू-काश्मीर जम्मूत आणि ओडिशा कटकला, आपापल्या घरी खेळले.

फेब्रुवारी २०२० मधील त्या सामन्यात गुजरातने ८ बाद ६०२ धावांवर डाव घोषित केला. गोव्याचा पहिला डाव १७३ धावांत संपला. गुजरातने पुन्हा फलंदाजी करून ६ बाद १९९ धावांवर डाव सोडला आणि गोव्याचा दुसरा डाव १६४ धावांत गडगडला. पराभव ४६४ धावांचा होता. दोन महिने अपराजित राहिलेल्या संघाच्या दोन्ही डावांची बेरीज प्रतिस्पर्ध्याच्या पहिल्या डावाच्या जवळपासही पोहोचली नाही.

याच गुजरातने त्याच हंगामात डिसेंबरमध्ये सुरतेत केरळचा सामना केला होता. त्या सामन्यातील चार डावांच्या धावा होत्या १२७, ७०, २१० आणि १७७. गुजरात ९० धावांनी जिंकला, पण प्रत्येक धाव झगडून मिळवावी लागली. खेळपट्टी गोलंदाजांच्या बाजूची होती आणि समोरचा मारा अनुभवी होता. असे सामने खेळून गुजरात वलसाडला आला होता. गोवा आला होता तो बहुतांश नवख्या संघांना सहज हरवून. दोघांच्या तयारीतला हा फरक गुणतक्त्यात कुठेच दिसत नव्हता.

प्लेट गटातील अव्वल संघाची आणखी दोन उदाहरणे या काळात घडली. २०१८-१९ मध्ये पदार्पणाचा हंगाम खेळणाऱ्या उत्तराखंडने आठपैकी सहा सामने जिंकले, दोन अनिर्णित राखले. नागपूरला विदर्भाविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात त्यांनी पहिल्या डावात ३५५ धावा करून चांगली लढत दिली, पण विदर्भाने ६२९ धावा उभारल्या. त्यात चाळिशी गाठलेल्या वसीम जाफरच्या २०६ धावा होत्या. उत्तराखंड डाव आणि ११५ धावांनी हरला. २०२१-२२ मध्ये नियम बदलला होता : प्लेटच्या अव्वल संघाला थेट जागा न देता एक पात्रता सामना ठेवला होता. त्या सामन्यात कोलकात्याला झारखंडने नागालँडविरुद्ध ८८० धावा केल्या, नागालँडला २८९ धावांत बाद केले आणि फॉलोऑन न देता पुन्हा फलंदाजी करत एकूण आघाडी १००८ धावांवर नेली. सामना अनिर्णित सुटला, पण पहिल्या डावातील आघाडीवर झारखंड पुढे गेला.

२०२२-२३ पासून हा दरवाजा बंद झाला. प्लेट गटाला स्वतःची बाद फेरी आणि स्वतःचा करंडक मिळाला. मुख्य करंडकाकडे जाणारी वाट त्या हंगामापुरती राहिली नाही.

दरवाजा उघडा असता तर

एकतर्फी पराभवांची ही यादी पाहून दरवाजा बंद करणे योग्यच होते, असे कोणी म्हणेल. पण त्याच्या उलट टोकाला एक हंगाम उभा आहे. २०१०-११ मध्ये राजस्थान प्लेट विभागात खेळत होता. त्या वेळी प्लेटमधील आघाडीच्या संघांना उपांत्यपूर्व फेरीत प्रवेश होता. हृषीकेश कानिटकरच्या नेतृत्वाखालील राजस्थानने त्या हंगामात हैदराबादला एका डावात २१ धावांत बाद केले. पदार्पण करणाऱ्या दीपक चाहरने दहा धावांत आठ बळी घेतले. त्यानंतर मुंबई आणि तामिळनाडू यांना मागे टाकून राजस्थान अंतिम फेरीत पोहोचला आणि बडोद्याला त्याच्याच मैदानावर पहिल्या डावातील आघाडीवर हरवून पहिल्यांदा रणजी विजेता झाला. तो एका हंगामाचा योगायोग नव्हता. एलिट विभागात बढती मिळाल्यावर पुढच्याच वर्षी राजस्थानने करंडक राखला.

आजचा नियम तेव्हा असता, तर राजस्थानला प्लेटचा चषक आणि बढतीचे पत्र मिळाले असते. भारताच्या सर्वोत्तम देशांतर्गत संघांपैकी तो एक आहे, हे कोणाला कळलेच नसते.

दुर्बळ गटात खेळणारा प्रत्येक संघ दुर्बळ नसतो, हेही लक्षात घ्यायला हवे. १९३७-३८ आणि १९८६-८७ मध्ये रणजी करंडक जिंकलेला हैदराबाद २०२३-२४ मध्ये प्लेट गटात होता. त्या हंगामात अरुणाचलविरुद्ध तन्मय अग्रवालने ३६६ धावा केल्या आणि १४७ चेंडूंत त्रिशतक गाठून प्रथम श्रेणीतील सर्वांत जलद त्रिशतकाचा विक्रम केला. हैदराबादने प्लेटचे विजेतेपद मिळवले व तो परतला. त्या संघाची खरी ताकद किती, हे त्या वर्षी मोजलेच गेले नाही.

अमेरिकेतील हाच वाद

हा प्रश्न भारतापुरता नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये तो कित्येक दशके गाजतो आहे. तिथे शंभराहून अधिक विद्यापीठांचे संघ वेगवेगळ्या परिषदांमध्ये विभागून खेळतात आणि प्रत्येकाला हंगामात बारा-तेरा सामनेच मिळतात. सर्वांनी सर्वांशी खेळणे अशक्य, म्हणून विजेतेपदासाठी कोण खेळणार हे बराच काळ मतदान, संगणकीय क्रमवारी किंवा निवड समिती ठरवत आली.

२०१४ पासून चार संघांची बाद फेरी सुरू झाली. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा संघ अपराजित राहिला, पण त्याची परिषद दुय्यम मानली जात असल्याने त्याला चारांत जागा मिळाली नाही. शेवटच्या सामन्यात त्याने ऑबर्नला ३४-२७ असे हरवले आणि स्वतःला राष्ट्रीय विजेता घोषित केले. २०२१ मध्ये सिनसिनाटी हा दुय्यम परिषदेतून चारांत पोहोचणारा पहिला संघ ठरला. अलाबामाने त्याला २७-६ असे हरवले. सर्वांत मोठे वादळ उठले २०२३ मध्ये. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठ प्रमुख परिषदेचा विजेता होता, तेराही सामने जिंकलेला होता, तरी समितीने प्रत्येकी एक सामना हरलेल्या टेक्सास आणि अलाबामाला पसंती दिली. फ्लोरिडा स्टेटचा मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी झाला होता, हे त्यामागचे मोठे कारण होते. त्यानंतरच्या सामन्यात खचलेल्या आणि अनेक खेळाडूंविना उतरलेल्या फ्लोरिडा स्टेटचा जॉर्जियाने ६३-३ असा धुव्वा उडवला.

अमेरिकेने यातून काढलेला मार्ग साधा होता. २०२४ पासून बाद फेरी बारा संघांची झाली आणि परिषद विजेत्यांपैकी क्रमवारीतील पहिल्या पाचांना जागा निश्चित करण्यात आली. त्यामुळे दुय्यम परिषदेतल्या किमान एका विजेत्याला मैदानात उतरण्याची संधी मिळते. तो संघ हरेल की जिंकेल, हे ठरवण्याचे काम समितीच्या खोलीतून बऱ्याच अंशी मैदानावर आले.

न हरताही विजेतेपद हुकते

अपराजित राहणे म्हणजे विजेतेपदाचा हक्क, असा समज मात्र रणजी करंडकाने कधीच मान्य केलेला नाही. सुरतेत २०१७ मध्ये समोरासमोर आलेले विदर्भ आणि केरळ फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये नागपूरला पुन्हा भेटले, या वेळी अंतिम सामन्यात. केरळने तो संपूर्ण हंगाम एकही पराभव न पत्करता पार केला होता. पुण्यात जम्मू-काश्मीरविरुद्ध एका धावेच्या आणि अहमदाबादला गुजरातविरुद्ध दोन धावांच्या आघाडीवर ते प्रथमच अंतिम फेरीत आले होते. विदर्भाने पहिल्या डावात ३७९ धावा केल्या, केरळने ३४२. सामना अनिर्णित राहिला, ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे गेला आणि केरळ अपराजित राहूनही उपविजेता ठरला.

केरळचा हा निकाल कोणाला अन्यायकारक वाटला नाही. सर्वोत्तम संघांशी खेळून, सर्वांना मान्य असलेल्या नियमानुसार तो मागे राहिला. अन्याय वाटतो तो खेळण्याआधीच वगळले जाण्याचा.

गोव्यासमोरचा प्रश्न

गोव्याच्या दृष्टीने हा वाद पुस्तकी नाही. २०२३-२४ मध्ये एलिट विभागातून गोव्याची घसरण झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीच्या मैदानावर स्नेहल कवठणकरने नाबाद ३१४ आणि कश्यप बखलेने नाबाद ३०० धावा करून ६०६ धावांची अखंड भागीदारी रचली. रणजी करंडकाच्या इतिहासातील कोणत्याही गड्यासाठीची ही सर्वांत मोठी भागीदारी आहे. अर्जुन तेंडुलकरने २५ धावांत पाच बळी घेतले. अरुणाचलचे डाव ८४ आणि ९२ धावांत संपले आणि २ बाद ७२७ धावांवर डाव घोषित करणाऱ्या गोव्याने दोन दिवसांत डाव आणि ५५१ धावांनी विजय मिळवला. त्या हंगामात प्लेटचे विजेतेपद गोव्याकडे आले आणि २०२५-२६ मध्ये तो एलिट विभागात परतला.

दोन दिवसांत संपणारा सामना जिंकणाऱ्या संघालाही एक किंमत मोजावी लागते. गोलंदाजांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी थकलेल्या खांद्यांनी मारा करण्याचा सराव होत नाही. मधल्या फळीला बॅटच हाती घ्यावी लागत नाही. आघाडी गमावल्यावर सामना वाचवायचा कसा, हे कोणाला शिकावे लागत नाही. वलसाडच्या पराभवात गुणवत्तेतील अंतर होतेच, पण या न झालेल्या सरावाचाही वाटा होता. फलंदाजाचे त्रिशतक निवड समितीपुढे जाते, तेव्हा त्यालाही तोच प्रश्न विचारला जातो : समोर गोलंदाजी कोणाची होती? राज्याचा संघ प्लेटमध्ये अडकला, की गुणवान खेळाडूच्या उमेदीच्या हंगामांचे मोल कमी होते. पुढच्या वर्षीची बढती ही संघाला मिळते. ज्याच्या खेळीने ती मिळाली, तो खेळाडू तोवर फॉर्मात, तंदुरुस्त किंवा संघातही असेलच असे नाही.

या साऱ्याचा विचार करता उपांत्यपूर्व फेरीतील थेट जागा प्लेटच्या अपराजित संघाला देणे योग्य ठरत नाही. ती जागा देताना एलिट विभागात सात कठीण सामने खेळून आलेल्या एखाद्या संघाला बाहेर काढावे लागते आणि उत्तराखंड, गोवा यांचे अनुभव त्या संघाच्या बाजूने साक्ष देतात. पण वाट पूर्ण बंद करण्यालाही आधार नाही, कारण राजस्थानचा अनुभव त्याविरुद्ध साक्ष देतो. या दोहोंमधला मार्ग २०२१-२२ मध्ये अमलात होता : प्लेटचा विजेता आणि एलिटमधून सर्वांत शेवटी पात्र ठरलेला संघ यांच्यात एक सामना. नागालँडचा त्यात फज्जा उडाला म्हणून ती पद्धत चुकीची ठरत नाही. उलट तिने आपले काम चोख केले. तयारी नसलेला संघ उपांत्यपूर्व फेरीच्या आधीच थांबला आणि आठ जागांपैकी एकही वाया गेली नाही. पुढे कधी एखादा राजस्थान त्या दारातून आला, तर तोही तिथेच ओळखला जाईल. तो सामना शेजारच्या मैदानाऐवजी तटस्थ ठिकाणी व्हावा, एवढी अट त्याला जोडता येईल.

हंगामभर न हरलेल्या संघाचे म्हणणे फार मोठे नसते. आपण किती पाण्यात आहोत, हे त्याला जाणून घ्यायचे असते. त्याचे उत्तर पाच दिवसांच्या एका सामन्यात मिळते, आणि ते उत्तर वलसाडसारखे कडू निघाले तरी न विचारलेल्या प्रश्नापेक्षा ते संघाच्या अधिक उपयोगाचे असते. २०२५-२६ मध्ये पर्वरीला चंडीगडला डावाने हरवून गोव्याने एलिट विभागातील पुनरागमनाची सुरुवात केली, तेव्हा समोर गोलंदाजी कोणाची होती, असे विचारण्याची वेळ कोणावर आली नाही.